भिंतीवर निळंच यायलंय! वर्गात लॅपटॉप जोडणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

परभणी जिल्ह्यातल्या एका लहान गावी जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू होऊन मला तीनच महिने झाले होते, आणि १७ सप्टेंबर आला. १९४८ साली याच तारखेला निजामाची राजवट संपली, म्हणून आमच्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन १५ ऑगस्टइतक्याच हौसेनं होतं. त्यानंतर गावकऱ्यांना मुक्तिसंग्रामाच्या स्लाइड दाखवायच्या, हे मीच मुख्याध्यापकांना पुढे होऊन सांगितलं होतं. लोकवर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर, माझा स्वतःचा लॅपटॉप. सरपंच, पालक, अंगणवाडीच्या ताई, सगळे सतरंजीवर येऊन बसलेले. भिंतीवर मात्र निळा चौकोन आणि त्यात ‘नो सिग्नल’.

मी लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला. वायर काढली, घातली, फुंकर मारून पुन्हा घातली. मागून लेकरं सांगायला लागली, “सर, निळंच यायलंय.” शेवटी स्पीकर लावायला आलेला साऊंडवाला उठला. त्यानं रिमोट घेतला, ‘सोर्स’ (चित्र कोणत्या वायरीवरून घ्यायचं ते निवडायचं बटण) दाबलं आणि हात खाली सोडून नुसता उभा राहिला. सात-आठ सेकंद काही नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा चित्र आलं. तेच बटण त्याच्याआधी मी वीस वेळा तरी दाबलं असेल. फरक एवढाच की मी दाबतच सुटलो होतो. प्रोजेक्टर एका जागी सिग्नल शोधायला लागला की मी त्याला पुढच्या जागी ढकलत होतो, आणि बरोबर जागेवरूनही दरवेळी पुढे जात होतो.

त्यानंतर आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, बऱ्याच शाळांचे प्रोजेक्टर आणि टचचे बोर्ड बघितले. शिक्षण परिषदेत चहाच्या आधी मला हमखास बोलावणं येतं. बहुतेक वेळा यंत्र बिघडलेलं नसतं, आपण गडबडीत दोन-तीन गोष्टी एकदम बदललेल्या असतात. म्हणून सुरुवातीलाच एक विनंती: खालचा क्रम मोडू नका. वीज, वायर, सोर्स, मग लॅपटॉप. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दहा सेकंद थांबा.

पिशवीत काय असावं

- स्वतःची एचडीएमआय वायर, दीड ते दोन मीटर (एचडीएमआय आणि व्हीजीए कसं ओळखायचं ते पुढे भाग ३ मध्ये). शाळेची वायर छतातून आलेली असते. ती खराब आहे की नाही, हे दुसरी जोडून बघितल्याशिवाय कळत नाही.
- लॅपटॉपला व्हीजीए नसेल आणि शाळेच्या प्रोजेक्टरला फक्त व्हीजीए असेल, तर एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर. शक्यतो आवाजासाठी बाजूला गोल भोक असलेला.
- ३.५ मिलिमीटरची ऑक्स वायर. मोबाइल स्पीकरला लावतो तीच.
- तीन पिनचं चांगलं एक्स्टेन्शन बोर्ड.
- पेन ड्राइव्ह, त्यात आजच्या धड्याची पीडीएफ आणि व्हिडिओ.
- रिमोटचे दोन सेल. रिमोटमधले सेल भिंतीवरच्या घड्याळात गेलेले मी दोन शाळांत पाहिलेत.
- मऊ कोरडं फडकं.

१. आपल्या वर्गात नेमकं काय आहे ते ओळखा

सगळ्याला ‘डिजिटल बोर्ड’ म्हणायची आपली सवय आहे, पण यंत्रं तीन तऱ्हेची असतात आणि तिन्हींचे आजार वेगळे.

पहिला नुसता प्रोजेक्टर: छताला किंवा टेबलावर, चित्र भिंतीवर किंवा पडद्यावर. याला बोटानं काही कळत नाही. दुसरा प्रोजेक्टर आणि पांढरा टचचा बोर्ड: चित्र प्रोजेक्टर टाकतो, बोट किंवा पेन बोर्ड ओळखतो. याला दोन वायर लागतात, चित्राची वेगळी आणि टचची यूएसबी वेगळी. तिसरं इंटरॲक्टिव्ह पॅनेल, म्हणजे मोठ्या टीव्हीसारखं काचेचं. याच्या आत बहुधा अँड्रॉइड असतं, त्यामुळे लॅपटॉप नसला तरी पेन ड्राइव्ह लावून काम भागतं. लॅपटॉप जोडायचाच असेल तर इथेही दोन वायर: एचडीएमआय आणि टचची यूएसबी.

कोणाला फोन करून मदत मागणार असाल तर आधी यातलं कोणतं आहे ते सांगा. “सर, बोर्ड चालत नाही” एवढ्यावरून मला काही कळत नाही.

२. वीज: घाई इथेच महागात पडते

लाईट येते-जाते, आली तर कधी कमी दाबाने, कधी एकदम जास्त. त्यामुळे लाईट आल्या आल्या प्रोजेक्टर लावू नका. पंख्याचा वेग एकसारखा झाला की पाच मिनिटांनी लावा.

लॅपटॉपचा चार्जर आणि प्रोजेक्टर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर ठेवा. वर्गाच्या या टोकाला प्रोजेक्टर आणि त्या टोकाच्या सॉकेटमध्ये चार्जर, तिथे अर्थिंग नाही, अशी स्थिती असली की दोन यंत्रांमध्ये विजेच्या दाबाचा फरक राहतो. वायर जोडताना ठिणगी उडते आणि एचडीएमआयचं पोर्ट कायमचं जातं. माझ्या पहिल्या लॅपटॉपचं असंच गेलं. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटतं ना? ते अर्थिंग नसल्याचं लक्षण. अशा वर्गात चार्जर काढा, लॅपटॉप बॅटरीवर ठेवून वायर जोडा आणि मुख्याध्यापकांना सांगून वायरमनकडून अर्थिंग बघून घ्या. चार्जरची तिसरी पिन मोडून दोन पिनच्या सॉकेटमध्ये बसवायची आयडिया मोडीत काढा.

आता प्रोजेक्टरवरचे दिवे बघा. पॉवरचा दिवा स्थिर असेल तर पुढे चला. ‘लॅम्प’ किंवा ‘टेम्प’ असं लिहिलेला दिवा लाल लागला असेल तर लॅपटॉपला हात लावायची गरजच नाही, दुखणं प्रोजेक्टरचं आहे. ‘टेम्प’ म्हणजे तो तापलाय. बहुतेक प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत खोलीच्या तापमानाची मर्यादा ३५ ते ४० अंश दिलेली असते. आपल्याकडे एप्रिलात पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं, हे मी सांगायला नको. म्हणून उन्हाळ्यात प्रोजेक्टरचं काम सकाळच्या शाळेत पहिल्या दोन तासांत उरका, आणि बाजूची जाळी महिन्यातून एकदा काढून साफ करा. आमच्या जाळीवर खडूची धूळ, कापसाचे तंतू आणि एक मेलेली पाल निघाली होती.

३. वायर आणि तिची तोंडं

निळं किंवा काळं, तीन ओळींत पिना असलेलं, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं तोंड म्हणजे व्हीजीए. त्यात फक्त चित्र जातं, आवाज जात नाही. चपटं, दोन कोपरे कापल्यासारखं तोंड म्हणजे एचडीएमआय. त्यातून चित्र आणि आवाज दोन्ही जातात.

व्हीजीएच्या वायरीत १५ पिना असतात. मोजल्यावर १४ भरल्या आणि मधल्या ओळीतली एक नसली तर घाबरू नका, बऱ्याच वायरींत नववी पिन कारखान्यातूनच नसते. वाकलेली पिन मात्र त्रास देते. वाकलेली दिसली तर बॉलपेनच्या रिकाम्या नळीत ती पिन अडकवून अलगद सरळ करा, चिमट्यानं ओढू नका. आणि स्क्रू हातानं आवळा. पोरगं वायरीवरून पाय ओढत गेलं की न आवळलेलं तोंड निम्मं बाहेर येतं, आणि चित्र येत-जात राहतं.

सापळा एक: ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ आणि ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. उलट्या लावून चालत नाहीत. लॅपटॉपला एचडीएमआय आणि प्रोजेक्टरला व्हीजीए असेल तर पहिली हवी. दुकानात “व्हीजीएचा कन्व्हर्टर द्या” म्हटलं की दुकानदार हाताला येईल तो देतो. लॅपटॉप सोबत नेऊन दाखवा.

सापळा दोन: एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए असलेली, मध्ये कुठेही डबी नाही, टोकही जाड नाही, अशी स्वस्त वायर मिळते. एचडीएमआयचा सिग्नल डिजिटल, व्हीजीएचा ॲनालॉग. मध्ये बदल करणारी चिप नसेल तर चित्र येणार कुठून? पैसे वाया.

सापळा तीन: नव्या लॅपटॉपला टाइप-सीचं पोर्ट असतं. त्यातून चार्जिंग होतं म्हणून चित्रही बाहेर जाईलच असं नाही. पोर्टजवळ ‘डी’ आणि ‘पी’ अक्षरं एकत्र काढलेली खूण किंवा विजेची, म्हणजे थंडरबोल्टची, खूण असेल तर बहुधा जातं. मोबाइलचंही तसंच. टाइप-सीचा एचडीएमआय कन्व्हर्टर घेऊन फोन जोडायला निघालेल्या आमच्या एका सहकारी बाईंचे पैसे याच्यातच गेले. त्यांच्या फोनमधून चित्र बाहेर पडतच नव्हतं.

छतातून पट्टीत बसवलेली लांब एचडीएमआय वायर हाही संशयित असतो. साधी वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे गेली की चित्र लुकलुकतं, ठिपके येतात किंवा येतच नाही. उंदरांनी कुरतडलेली वायरही असंच वागते. इथेच पिशवीतली छोटी वायर कामाला येते: प्रोजेक्टर खाली काढता येत असेल तर थेट छोट्या वायरीनं जोडा. चित्र आलं तर दोष लांब वायरीचा, लॅपटॉप सुटला.

४. सोर्स

साऊंडवाल्याची रीत वापरा. रिमोटवर किंवा प्रोजेक्टरवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ असं बटण असतं. एकदा दाबा, दहा सेकंद थांबा. पडद्यावर नाव उमटतं: ‘कॉम्प्युटर १’ किंवा ‘व्हीजीए’ म्हणजे निळं तोंड, ‘एचडीएमआय १’, ‘एचडीएमआय २’ म्हणजे चपटी तोंडं. तुमची वायर ज्या भोकात आहे त्याच्यावरच्या छापील नावाशी हे नाव जुळलं पाहिजे. अंदाजानं नको, उठून प्रोजेक्टरच्या मागे जाऊन वाचा. पॅनेलवर बाजूला ‘एचडीएमआय १’ आणि पुढे दुसरा एचडीएमआय असतो, तिथे फसगत ठरलेली.

पडदा निळा नसून पूर्ण काळा असेल आणि ‘नो सिग्नल’ही येत नसेल, तर कोणीतरी रिमोटवरचं ‘ब्लँक’ किंवा ‘ए/व्ही म्यूट’ दाबलेलं असू शकतं. काही प्रोजेक्टरांना लेन्सपुढे सरकतं झाकण असतं, तेही बघा. आणि चित्र आलंय पण स्लाइड पुढे सरकत नाही, लॅपटॉपवर मात्र सरकते? ‘फ्रीझ’ दाबलं गेलंय.

५. विंडोज कळ आणि पी

वायर पक्की, सोर्स बरोबर, तरीही काही नाही, तर आता लॅपटॉप. कीबोर्डच्या खालच्या ओळीत चार चौकटींची खूण असलेली विंडोज कळ दाबून धरा आणि ‘पी’ दाबा. चार पर्याय येतात:

- पीसी स्क्रीन ओन्ली: चित्र फक्त लॅपटॉपवर. बऱ्याचदा गाडी इथेच अडकलेली असते.
- डुप्लिकेट: लॅपटॉपवर जे, तेच भिंतीवर. शिकवायला हेच ठेवा.
- एक्स्टेंड: भिंत म्हणजे लॅपटॉपचा वाढीव भाग. भिंतीवर नुसता वॉलपेपर दिसतो आणि आपल्याला वाटतं की लॅपटॉप अडकला.
- सेकंड स्क्रीन ओन्ली: फक्त भिंतीवर. लॅपटॉप काळा पडतो. एका बाईंनी यामुळे लॅपटॉप दुरुस्तीला नेऊन दिला होता. वायर काढली की स्क्रीन परत येते.

वरच्या एफ कळांच्या ओळीत एकीवर दोन पडद्यांची खूण असते, तिच्यानंही हीच यादी येते. कंपनीगणिक कळ वेगळी असते आणि काही लॅपटॉपवर सोबत ‘एफएन’ धरावी लागते.

‘एक्स्टेंड’बद्दल एक अनुभव. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो लावला की हा पर्याय लॅपटॉपवर तुमच्या टिपा दाखवतो आणि भिंतीवर नुसती स्लाइड. सोय चांगली आहे. पण कधी उलटं होतं आणि टिपा भिंतीवर जातात. माझ्या टिपेत ‘इथे केंद्रप्रमुख प्रश्न विचारतील’ असं लिहिलेलं होतं, आणि केंद्रप्रमुख समोरच्या खुर्चीत होते. तेव्हापासून मी डुप्लिकेटच ठेवतो. जाताजाता, व्हॉट्सॲप वेबही बंद ठेवत जा.

६. तरीही नाही? मग या तीन गोष्टी, याच क्रमाने

पहिली: विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चारही कळा एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होते, ‘टुक’ आवाज येतो. यानं चित्राचा ड्रायव्हर नव्यानं चालू होतो. उघडलेली फाइल जात नाही.

दुसरी: वायर लावलेली ठेवून लॅपटॉप रीस्टार्ट करा. आधी प्रोजेक्टर चालू, त्याचा सोर्स बरोबर, मग लॅपटॉप. काही जुने लॅपटॉप चालू होतानाच दुसरा पडदा शोधतात.

तिसरी: पडद्यावर ‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘अनसपोर्टेड’ येत असेल तर सिग्नल पोचतोय, पण प्रोजेक्टरला तो झेपत नाही. जुन्या प्रोजेक्टरची मूळ मापं १०२४ बाय ७६८ किंवा १२८० बाय ८०० असतात. डेस्कटॉपवर उजवी क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा, खाली रेझोल्यूशनमध्ये तो आकडा निवडा. त्याच पानावर ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्यानं काढलं जातं तो आकडा) ६० हर्ट्झ करा. गेमिंगच्या लॅपटॉपवर तो १२० किंवा १४४ असतो, आणि डुप्लिकेट करताना तोच कधी आडवा येतो.

इथवर येऊनही भिंत निळीच असेल तर दुसरा लॅपटॉप जोडा. त्यावर चित्र आलं तर दोष तुमच्या लॅपटॉपचा. नाही आलं तर वायरीचा किंवा प्रोजेक्टरचा. हा एक प्रयोग अर्ध्या तासाची चर्चा वाचवतो. आणि तास चालू असेल तर दहा मिनिटांच्या वर यात घालवू नका. खडू घ्या, धडा शिकवा, यंत्र मधल्या सुट्टीत बघा.

७. चित्र आलं, पण धड नाही

रंग गेलेत: व्हीजीए वायरीत पिन क्रमांक १ लाल, २ हिरवा, ३ निळा रंग नेते. म्हणून चित्र पिवळट दिसलं तर निळ्याची पिन निघाली, गुलाबी-जांभळं दिसलं तर हिरव्याची, आणि निळं-हिरवट दिसलं तर लाल रंगाची. सहावीच्या विज्ञानाच्या तासाला हे मुद्दाम वायर सैल करून दाखवा, लेकरं खूष होतात. एचडीएमआयवर सगळं पिवळसर दिसत असेल तर लॅपटॉपचा ‘नाइट लाइट’ बंद करा.

कडा कापल्या जातात: प्रोजेक्टरच्या किंवा पॅनेलच्या मेन्यूत ‘ओव्हरस्कॅन’ बंद करा, किंवा चित्राचा आकार ‘ऑटो’ करा. व्हीजीएवर चित्र एका बाजूला सरकलं असेल तर रिमोटवरचं ‘ऑटो’ दाबा.

उलटं दिसतंय: मेन्यूत ‘सीलिंग’ आणि ‘फ्रंट’ असे पर्याय असतात. छताला उलटा टांगलेला असेल तर ‘फ्रंट सीलिंग’.

वर रुंद, खाली अरुंद: मेन्यूतल्या ‘कीस्टोन’नं चौकोन सरळ करता येतो. पण आधी प्रोजेक्टर सरळ ठेवून बघा. कीस्टोननं चित्र नीट दिसतं, पण अक्षरं थोडी पुसट होतात.

८. आवाज

चित्र आलं, कविता लागली, ओठ हलतात आणि वर्ग शांत. एचडीएमआय लावली की लॅपटॉप बऱ्याचदा आवाजही तिकडेच पाठवतो. प्रोजेक्टरचा स्वतःचा स्पीकर बारका असतो किंवा नसतोच. खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या खुणेवर क्लिक करा, आवाजाच्या पट्टीशेजारच्या बाणावर क्लिक करून लॅपटॉपचे ‘स्पीकर्स’ निवडा. आता ऑक्स वायर लॅपटॉपमधून शाळेच्या स्पीकरला.

व्हीजीएच्या कन्व्हर्टरमध्येही हीच गंमत होते: लॅपटॉपला वाटतं आपण एचडीएमआयला जोडलोय, म्हणून तो आवाज कन्व्हर्टरमध्ये ढकलतो आणि तो तिथेच मरतो. कन्व्हर्टरच्या गोल भोकात ऑक्स लावा किंवा वर सांगितल्याप्रमाणे स्पीकर निवडा.

स्पीकरमधून ‘हम्म’ असा आवाज येत असेल तर चार्जर काढून बघा. थांबला तर पुन्हा अर्थिंगवरच आलो.

९. टच: बोट इथे, बाण तिथे

टच अजिबात चालत नसेल तर यूएसबी वायर बघा. साध्या यूएसबी वायरीची लांबी पाच मीटरच्या आत असावी लागते. दोन वायरी जोडून लांबवल्या असतील तर टच कधी चालतो, कधी नाही. पॅनेलवर ‘टच १’ आणि ‘टच २’ अशी दोन यूएसबी तोंडं असतील तर ‘एचडीएमआय १’सोबत ‘टच १’च लावा. मी पाहिलेल्या टचच्या तक्रारींपैकी बऱ्याच या एका अदलाबदलीच्या होत्या.

बोट ठेवलं एकीकडे आणि बाण उमटला चार बोटं दूर, तर कॅलिब्रेशन, म्हणजे बोट आणि बाण पुन्हा जुळवणं, हवं. प्रोजेक्टर आणि बोर्डच्या जोडीत हे वरचेवर करावं लागतं, कारण छताच्या पंख्यानं प्रोजेक्टर जरासा हलला तरी चित्र सरकतं आणि बोर्डाला ते कळत नाही. बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॅलिब्रेट’ निवडा. अधिक चिन्हासारख्या (+) खुणा एकेक करून येतात, प्रत्येक खुणेच्या बरोबर मध्यावर पेन टेकवा. घाईत दोन खुणा तिरक्या झाल्या तर सगळा बोर्ड तिरका होतो, मग पहिल्यापासून.

भिंतीवर बोट लावलं आणि बाण लॅपटॉपच्या स्क्रीनवर हलला, तर तुम्ही ‘एक्स्टेंड’वर आहात आणि विंडोजला टच कोणत्या पडद्याचा ते माहीत नाही. सोपा उपाय डुप्लिकेट. एक्स्टेंडच हवं असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘टॅब्लेट पीसी सेटिंग्ज’मध्ये ‘सेटअप’ दाबा; ज्या पडद्यावर सूचना येईल, तो टचचा असेल तर बोट लावा, नसेल तर एंटर.

आपोआप रेघा उमटतात, पान आपोआप उलटतं? भूतबाधा नाही. बऱ्याच बोर्डांच्या चौकटीत इन्फ्रारेड किरणांचं जाळं असतं, बोटानं ते तुटलं की टच कळतो. चौकटीच्या खाचेत खडूची धूळ साचली, कोळ्यानं जाळं केलं किंवा खिडकीतून थेट ऊन पडलं, तरी बोर्डाला बोटच वाटतं. कोरड्या फडक्यानं चारही खाचा पुसा, पडदा ओढा. शेजारच्या फळ्यावर खडू वापरत असाल तर आठवड्यातून एकदा पुसणं आलंच.

१०. मराठी अक्षरं गचाळ दिसतात

ही खास आपली अडचण, आणि कंपनीच्या माहितीपुस्तिकेत हिचं नाव नसतं. घरच्या कॉम्प्युटरवर सुंदर दिसणारी स्लाइड पॅनेलच्या अँड्रॉइडवर उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होते. कारण कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं. त्या फॉन्टमध्ये मुळात इंग्रजी अक्षरांवर मराठीचा मुखवटा चढवलेला असतो; फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळतो. नवीन लिहिताना युनिकोडमध्येच लिहा, मंगल किंवा निर्मला फॉन्टमध्ये. जुन्या फाइली घरीच पीडीएफ करून न्या, त्यात फॉन्ट सोबत जातो.

व्हिडिओचंही घरीच उरका. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षावर जे मिळतं, ते नेटवर्क असलेल्या ठिकाणी डाउनलोड करून ठेवा. वर्गात खिडकीतून मोबाइल बाहेर धरून रेंज शोधणारे सर मी पाहिलेत. मीच होतो.

११. बिनवायरीचं

विंडोज कळ आणि ‘के’ दाबलं की जवळची पॅनेलं दिसतात. मिराकास्ट (वायरीशिवाय चित्र पाठवायची सोय) असेल तर दोन यंत्रं थेट एकमेकांशी बोलतात, इंटरनेट लागत नाही. पॅनेलच्या कंपनीचं ॲप वापरत असाल तर बहुधा लॅपटॉप आणि पॅनेल एकाच वायफायवर, म्हणजे एकाच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असावे लागतात. व्हिडिओ अडखळतो. मी तपासणीच्या दिवशी वायरच वापरतो.

१२. बंद करताना

प्रोजेक्टरचं पॉवर बटण दोनदा दाबा, दिवा विझेल, पंखा चालू राहील. पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण बंद करू नका. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये गरम लॅम्प थंड व्हायला ही एक-दोन मिनिटं लागतात, आणि शाळा सुटल्याच्या गडबडीत मेन स्विच पाडणारेच लॅम्प लवकर घालवतात. लाईट मध्येच गेली तर परत आल्यावर लगेच लावू नका. गरम लॅम्प पेटत नाही. लॅम्प फुटल्याचा ‘फट्’ आवाज आला तर मुलांना बाहेर काढा आणि खिडक्या उघडा, त्यात पारा असतो.

१३. मेकॅनिकला फोन करण्याआधी

हे कागद हाताशी ठेवा: खरेदीचं बिल, वॉरंटी कार्ड, यंत्राच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर, डेडस्टॉक रजिस्टरमधली (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीतली) नोंद. लोकवर्गणीच्या यंत्रांची बिलं बऱ्याचदा जुन्या समितीच्या अध्यक्षांच्या घरी असतात. आजच आणून झेरॉक्स करा. स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण छताला टांगलेल्या प्रोजेक्टरचा नंबर वाचायला दरवेळी बाकावर बाक ठेवावा लागतो.

फोनवर एवढं सांगा: कोणते दिवे कोणत्या रंगाचे लागलेत, पडद्यावर नेमकं काय लिहून येतं, वायर कोणती, सोर्स कोणता, आणि दुसरा लॅपटॉप लावून बघितला का. लाल दिवा लुकलुकत असेल तर किती वेळा लुकलुकून थांबतो तेही मोजा, बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेत त्या संख्येवरून दोष ओळखतात. मागच्या महिन्यात शेजारच्या तांड्यावरच्या शाळेतून असा फोन आला. मी म्हटलं, दिवा कोणता लागलाय? बाई उठून बघून आल्या आणि म्हणाल्या, “एकही नाही. थांबा सर, बोर्डाचं बटनच चालू नाही.”